टोपलीखालचं डोकं

गायिका-नटी कार्मेन मिरांडा उंचीनं जेमतेम पाच फूट. ही उणीव तिनं दोन्ही टोकांनी भरून काढली. पायात वीतभर उंच तळव्यांचे जोडे आणि डोक्यावर फळांचा ढीग. १९४३ च्या ‘द गँग्ज ऑल हिअर’ या सिनेमात दिग्दर्शक बझ्बी बर्कलीनं तर कमालच केली. गाणं संपत येतं, कॅमेरा मागे सरकत जातो, आणि बाईंच्या डोक्यातून निघालेला केळ्यांचा प्रचंड फवारा पार पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन भिडतो. खाली दोन्ही बाजूंना माणसाएवढ्या स्ट्रॉबेऱ्या. मी हा प्रसंग चार-पाच वेळा पाहिलाय आणि दर वेळी पहिला प्रश्न तोच पडतो: हिची मान दुखत नसेल?

त्या गोष्टीला ऐंशी वर्षं होऊन गेली. पण ‘लॅटिना’ हा शब्द उच्चारला की जगभरातल्या माणसांच्या डोळ्यांपुढे अजूनही त्या फवाऱ्याचीच कुणीतरी नात उभी राहते. काळेभोर मोकळे केस, लालभडक ओठ, सतत हलणारी कंबर, अडखळतं इंग्रजी आणि नाकाच्या शेंड्यावर राग. मेक्सिकोपासून अर्जेंटिनाच्या टोकापर्यंत तीसेक कोटी बायका राहतात. त्या सगळ्यांना हे एकच झबलं! हे शिवलं कुणी? त्या टोपीतली एकेक वस्तू उतरवून हातात घेतली तर उत्तर सापडतं, आणि ते फळांहून रसाळ आहे.

आधी केळं. ते अमेरिका खंडाचं नाहीच मुळी! त्याचं माहेर न्यू गिनी आणि आग्नेय आशियाच्या आसपासचं. आपल्याकडे तर सत्यनारायणाच्या चौरंगाला खुंट बांधण्याइतकं ते घरचं. आशियातून आफ्रिका, तिथून कॅनरी बेटं, आणि १५१६ मध्ये तोमास दे बेर्लांगा नावाच्या स्पॅनिश धर्मगुरूनं ते कॅरिबियनमधल्या सांतो दोमिंगोला नेलं, अशी नोंद आहे. कोलंबस पोचून तोवर जवळपास पाव शतक उलटलं होतं.

आता टोपीखालची बाई. तीही तिथली नव्हे. कार्मेनचा जन्म १९०९ चा, उत्तर पोर्तुगालमधल्या एका खेड्यातला. वर्षाचीही नव्हती तेव्हा आईबरोबर ब्राझीलला आली. वडील रिओ द जानेरोत न्हावीकाम करत. आणि पोरवयात ही मुलगी कुठे कामाला होती माहितेय? टोप्यांच्या दुकानात! पुढं आयुष्यभर स्वतःचे फेटे ती स्वतः रचायची, ती विद्या तिथली.

राहिला पोशाख. तो खरोखर ब्राझीलचा आहे, पण त्याचा धागा समुद्रापलीकडून आलेला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून जहाजात कोंबलेल्या सुमारे सव्वा कोटी माणसांपैकी ४८ लाखांच्या आसपास माणसं एकट्या ब्राझीलमध्ये उतरवली गेली. आज जी संयुक्त संस्थानं आहेत त्या भूमीवर थेट आफ्रिकेतून आणली गेलेली माणसं चारेक लाख. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा उलटसुलट तपासून पाहिला होता. बाहिया प्रांताची राजधानी साल्वादोर हे या व्यापाराचं मोठं बंदर. तिथल्या रस्त्यांवर गुलाम आणि मुक्त झालेल्या काळ्या बायका डोक्यावर परडी किंवा लाकडी ताट घेऊन फळं, मिठाई, तळण विकत. डोक्याला पश्चिम आफ्रिकी पद्धतीचा फेटा, अंगात युरोपी लेसचा झगा, खांद्यावर आफ्रिकी कापड, गळ्यात मण्यांच्या माळांवर माळा. या बायकांना म्हणतात ‘बायाना’, बाहियाच्या बाया. शब्दाचा योगायोगच, पण मराठी कानाला सोयीचा!

मग रिओतल्या गोऱ्या, सुखवस्तू बायका कार्निव्हलच्या दिवसांत हौसेनं बायाना व्हायला लागल्या. आपल्याकडे शाळेच्या स्नेहसंमेलनात दर वर्षी एक तरी कोळीण असतेच ना? नऊवारी घट्ट कासलेली, केसांत अबोलीचा गजरा, डोक्यावर पुठ्ठ्याच्या माशांची पाटी. जिच्या सात पिढ्यांत कुणी बाजारात बसून म्हावरं विकलं नाही तीच बहुधा निवडली जाते. त्या पाटीला वास नसतो. कार्मेननं १९३९ च्या ‘बनाना दा तेरा’ या सिनेमात बायानाचा वेश घातला तो असाच, वास काढून टाकलेला. परडीतलं ओझं आता दागिना झालं.

म्हणजे हिशेब असा लागला: पोर्तुगालात जन्मलेली बाई, आशियातलं फळ, आफ्रिकी बायकांच्या कष्टाचा पोशाख. एवढ्यावर ‘अस्सल लॅटिन’ हा शिक्का मारणारं कुणीतरी हवं होतं. ते न्यूयॉर्कला भेटलं.

१९३९ मध्येच ली शुबर्ट या नाट्यनिर्मात्यानं तिला ब्रॉडवेवर नेलं. वेळ कशी साधली पाहा. युरोपात युद्ध पेटलं, तिकडची सिनेमागृहं हॉलिवूडच्या हातून निसटली. अध्यक्ष रूझवेल्ट यांचं दक्षिणेकडच्या देशांशी ‘चांगल्या शेजाऱ्या’चं धोरण आधीच चालू होतं, शेजारी जर्मनीच्या वळचणीला जाऊ नयेत म्हणून १९४० मध्ये नेल्सन रॉकफेलरच्या हाताखाली एक सरकारी कचेरीच उघडली गेली. सिनेमा हे तिचं लाडकं हत्यार. शेजाऱ्याला खूश करायचं तर त्याला पडद्यावर दाखवायला हवं, आणि दाखवायचं तर तो ओळखू यायला हवा. फळांची टोपी लांबूनही ओळखू येते.

त्याच वर्षी ‘डाउन अर्जेंटाइन वे’ आला. गोष्ट अर्जेंटिनातली, तिथली भाषा स्पॅनिश. कार्मेन गाते पोर्तुगीजमध्ये. कोल्हापूरच्या गोष्टीत बंगालीतून लावणी व्हावी, तसं! गंमत पुढंच आहे. ब्रॉडवेच्या करारामुळे तिला न्यूयॉर्क सोडता येत नव्हतं, म्हणून तिची गाणी तिकडेच चित्रित करून हॉलिवूडच्या सिनेमात जोडली. सिनेमाभर ती मुख्य पात्रांशी बोलतच नाही, आणि लोकांच्या लक्षात राहिली ती तीच. अर्जेंटिनातले शेजारी मात्र खूश होण्याऐवजी भडकले.

ब्राझीललाही राग आला. १९४० च्या जुलैत ती रिओला परतली आणि उर्का कॅसिनोत गायला उभी राहिली, तर समोरच्या बड्या प्रेक्षकांनी बर्फासारखं थंड स्वागत केलं. अमेरिकन होऊन आली म्हणे! तिनं त्या टोमण्यावरच गाणं केलं, काही आठवड्यांत त्याच मंचावर गाऊन दाखवलं आणि परत गेली. पुढं १९४५ साली अमेरिकेत सर्वांत जास्त कमाई करणारी स्त्री म्हणून तिचं नाव छापून आलं. त्या टोपीतून तिला बाहेर मात्र पडता आलं नाही. ती गेली १९५५ मध्ये, अवघ्या ४६ व्या वर्षी.

तोवर टोपीनं स्वतंत्र संसार थाटला होता. १९४४ मध्ये युनायटेड फ्रूट कंपनीनं जाहिरातीसाठी ‘चिकिता’ आणली. डिक ब्राऊननं काढलेलं एक केळं, झगा घातलेलं, पापण्या फडफडवणारं, आणि डोक्यावर फळांची टोपी! केळ्याच्या डोक्यावर फळं. आधी बाईच्या डोक्यावर केळं होतं, पाच वर्षांत केळंच बाई झालं. ते गाऊन गाऊन अमेरिकन गृहिणींना सांगायचं की केळी फ्रीजमध्ये ठेवू नका. या कंपनीनं मध्य अमेरिकेत जमिनी, रेल्वे आणि सरकारं यांच्याशी काय काय केलं, ते गाण्यात नव्हतं.

आता फळं बाजूला ठेवू, केसांकडे वळू.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १९१८ मध्ये मार्गारिता कार्मेन कान्सिनो ही मुलगी जन्मली. वडील एदुआर्दो, स्पेनमधले नर्तक. लक्षात घ्या, स्पेन. लॅटिन अमेरिकेशी रक्ताचा संबंध शून्य. केस तपकिरी. पोरवयातच वडिलांनी तिला नाचातली जोडीदारीण केलं आणि सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या तिहुआना शहरी, आग्वा काल्येंते या करमणूक केंद्रात उभं केलं. तिथं येणाऱ्या अमेरिकन गिऱ्हाइकांना स्पॅनिश नर्तकी हवी होती. तपकिरी केस कसे चालतील? काळे रंगवले.

सिनेमात गेली, छोट्या-छोट्या ‘परदेशी’ भूमिका मिळाल्या. मग कोलंबिया स्टुडिओला वाटलं, हिला मोठी करायची तर हे परदेशीपण घासून काढायला हवं. मार्गारिताची रिता आधीच झाली होती, आता आडनावही कापलं: आईच्या माहेरचं आलं, हेवर्थ. आणि मग कपाळ. तिच्या केसांची रेषा म्हणे फार खाली, फार ‘लॅटिन’ होती. ती वर सरकवली. कशी? इलेक्ट्रोलिसिसनं. एका केसाच्या मुळाशी बारीक सुई घालायची, विजेचा झटका द्यायचा, मूळ जळालं की केस उपटायचा. मग पुढचा केस. मग त्याच्या पुढचा. महिनोन् महिने. एका वंशातून दुसऱ्या वंशात जायची वाट दोन बोटं रुंद होती आणि ती कपाळावरून जात होती! उरलेले केस तांबूस झाले, आणि १९४६ च्या ‘गिल्डा’मध्ये तेच केस तिनं मागे झटकले तेव्हा अख्खी दुनिया घायाळ झाली.

इथं थांबायला हरकत नव्हती. पण रंगाची बाटली थांबली नाही. सोफिया व्हेर्गारा, जन्म १९७२, कोलंबियातलं बारांक्विया शहर. ‘मॉडर्न फॅमिली’ या मालिकेतली ग्लोरिया म्हणून आज ती जगातली बहुधा सगळ्यात ओळखीची लॅटिना असेल. तिनं स्वतःच मुलाखतींत सांगितलंय की तिचे मूळ केस सोनेरी. हॉलिवूडमध्ये आली तेव्हा भूमिका वाटणाऱ्यांना हिला कुठं बसवायचं कळेना. उच्चार लॅटिन, केस भलतेच. काळे केल्यावर कामं मिळू लागली. म्हणजे खऱ्याखुऱ्या लॅटिन बाईला लॅटिन दिसायला केस रंगवावे लागले, आणि जी लॅटिन नव्हतीच तिला लॅटिन न दिसायला. या दोघी जन्मानं अर्धशतकाहून जास्त अंतरावर आहेत. एका बाटलीत मावतात.

चेहऱ्याचीही तीच तऱ्हा. १९६१ च्या ‘वेस्ट साइड स्टोरी’त प्युर्तो रिकोची माणसं दाखवायची होती. नायिका नॅटली वूड रशियन स्थलांतरितांची लेक, तिचा सिनेमातला भाऊ जॉर्ज चाकिरिस ग्रीक वंशाचा. अस्सल प्युर्तो रिकोत जन्मलेली रिता मोरेनो होती, पण तिलाही गडद रंग फासला. सगळ्यांना एकच छटा. आमच्यात दुधासारख्या गोऱ्यापासून काळ्याभोर माणसापर्यंत सगळे असतात, असं ती सांगत राहिली. त्या रंगाखालूनच तिनं ऑस्कर मिळवलं हा भाग वेगळा.

तिचं म्हणणं किती खरं होतं ते ब्राझीलच्या सरकारनंच एकदा चुकून सिद्ध केलं. १९७६ च्या एका पाहणीत कचेरीनं लोकांना ठरीव पर्याय देण्याऐवजी विचारलं: तुमचा रंग तुम्ही काय सांगाल? उत्तरं आली सव्वाशेहून जास्त. दालचिनी, दुधाची कॉफी, उन्हानं भाजलेली, जळका गुलाबी, ‘गोरेपणाकडे ओढ असलेली’. आणि माझं आवडतं: ‘पळत्या गाढवाच्या रंगाची’. आपण हसावं असं यात काही नाही. वधू पाहिजेच्या जाहिरातींत गोरी, उजळ, निमगोरी, गव्हाळ, सावळी अशी जी उतरंड आपण लावतो, ती एखाद्या ब्राझीलकराला वाचून दाखवा. तो मान डोलावेल.

उतरंडीवरून आठवलं. अठराव्या शतकात मेक्सिकोत चित्रांचे संच रंगवले जात, बहुधा सोळा-सोळाचे. प्रत्येक चित्रात आई, बाप, मूल, आणि खाली चिठ्ठी: स्पॅनिश बाप, आदिवासी आई, मूल ‘मेस्तिसो’. असं पुढं मिसळत मिसळत जायचं. काही खणांनंतर चितारी आणि व्यवस्था दोघंही थकलेली दिसतात, कारण नावं येतात ‘हवेत लटकून राहा’, ‘मागे वळ’, आणि चक्क ‘तू मला कळत नाहीस’! ही खरीखुरी प्रवर्गांची नावं आहेत, थट्टा नव्हे. या चित्रांना म्हणतात ‘कास्ता’ चित्रं. शब्द ओळखीचा वाटतोय? कास्ता म्हणजे वंश, कूळ. हाच शब्द पोर्तुगिजांनी आपल्या किनाऱ्यावर उतरल्यावर आपल्या जातींना लावला, आणि इंग्रजीतला ‘कास्ट’ त्यातूनच आला.

आणि या गोष्टीत आपलंही एक माणूस आहे.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मोगल मुलखातली एक लहान मुलगी पोर्तुगीज चाच्यांनी पळवली. कोचीनला बाप्तिस्मा, मनिलाला गुलामांचा बाजार, मग पॅसिफिक महासागर ओलांडून मेक्सिकोतलं आकापुल्को बंदर आणि शेवटी पुएब्ला शहर. तिथं ती कातारिना दे सान हुआन झाली. मनिलाच्या जहाजातून उतरणारं कुणीही, फिलिपिनो असो की मलबारी, मेक्सिकोत ‘चीनो’च म्हटलं जाई, म्हणून ही हिंदुस्थानी पोर पुएब्लाची चिनीण ठरली, ‘चिना पोब्लाना’. ती साधी, विरक्त राहिली, तिला दृष्टान्त होत असं लोक मानत, आणि १६८८ मध्ये ती वारली तेव्हा शहर तिला संत समजत होतं. तिच्या जेझुइट चरित्रकारानं तिच्यावर तीन खंड लिहिले. धर्मन्यायालयानं त्यावर बंदी घातली.

दोनेकशे वर्षांनी हेच नाव एका पोशाखाला चिकटलं. टिकल्यांनी लखलखणारा लाल-हिरवा घागरा, भरतकामाची पांढरी चोळी, खांद्यावर ओढणी. दंतकथा म्हणते हा तिच्या हिंदुस्थानी कपड्यांचा वंशज. कपडा मात्र एकोणिसाव्या शतकातला, आणि तिनं तर जन्मभर जाडंभरडं नेसलेलं. पण दंतकथेला कोण अडवणार? १९१९ मध्ये रशियन बॅले नर्तकी अ‍ॅना पावलोवा मेक्सिकोत आली आणि याच पोशाखात, पायाच्या अंगठ्यांवर उभी राहून तिनं मेक्सिकन नाच केला. आज मेक्सिकन बाईचा राष्ट्रीय वेश म्हणून ज्याकडे बोट दाखवतात तो हाच. पळवलेल्या हिंदुस्थानी मुलीचं चुकीचं नाव!

खुद्द ‘लॅटिन’ हे नाव तरी कुठलं? रोमजवळच्या लात्सियो या टापूचं. १८५६ च्या सुमारास पॅरिसमध्ये राहणाऱ्या चिलीच्या फ्रान्सिस्को बिल्बाओ आणि कोलंबियाच्या तोरेस काइसेदो यांनी, उत्तरेकडच्या दांडग्या शेजाऱ्यापासून आपलं वेगळेपण सांगायला, ‘लॅटिन अमेरिका’ हा शब्द वापरात आणला.

तो दांडगा शेजारी पुढं या लोकांची शिरगणती करायला बसला आणि पुरता गोंधळला. १९३० च्या जनगणनेत ‘मेक्सिकन’ हा वंश होता. विरोध झाला, १९४० ला गायब. १९७० मध्ये निवडक घरांच्या अर्जात एक चौकट आली: ‘मध्य किंवा दक्षिण अमेरिकन’. अमेरिकेच्याच मध्य आणि दक्षिण राज्यांतल्या कितीतरी भल्या माणसांनी प्रामाणिकपणे तिथं खूण केली! दक्षिण मुंबईत राहतो म्हणून एखाद्यानं ‘दक्षिण भारतीय’वर फुली मारावी, तसं. १९८० पासून सगळ्यांनाच हा प्रश्न विचारू लागले, पण वंशाच्या प्रश्नापासून वेगळा काढून. कारण हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषी मुळांचा, माणूस कुठल्याही वंशाचा असू शकतो. २०१० मध्ये त्यांतल्या ५३ टक्के लोकांनी फक्त ‘गोरे’ लिहिलं होतं, २०२० मध्ये २० टक्क्यांनी. दहा वर्षांत माणसांचा रंग उतरला का? प्रश्न विचारण्याची आणि उत्तरं नोंदवण्याची पद्धत बरीचशी बदलली होती.

राहता राहिला तो नाकावरचा राग. १९३९ ते १९४३ या काळात लूपे व्हेलेस या मेक्सिकन नटीचे आठ सिनेमे एकाच पात्रावर निघाले: भांडी फेकणारी, तडातडा बोलणारी ‘मेक्सिकन स्पिटफायर’, थुंकली तरी ठिणगी पडेल अशी. मराठीत आपण अशा बाईला लवंगी मिरची म्हणतो आणि कोल्हापूरचा हवाला देतो. पण मिरची कुठली? अमेरिका खंडातलीच; पोर्तुगिजांच्या जहाजांतून आपल्याकडे आलेली. तोवर आपला तिखटपणा बराचसा मिऱ्यावर चालायचा. आणि जिथून ती आली त्या खंडात अर्जेंटिनाचा माणूस आजही रोजच्या जेवणात तिखट फारसं चाखत नाही.

साल्वादोरमध्ये संध्याकाळी रस्त्याच्या कडेला बायाना अजून बसतात. पांढरा लेसचा झगा, डोक्याला घट्ट फेटा, त्यावर एकही फळ नाही. चवळी भिजवून, सालं काढून, वाटून, कांदा-मीठ घालून फेसलेलं पीठ चमच्यानं उकळत्या शेंदरी पामतेलात सुटतं आणि टम्म फुगतं. आकाराजे. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांचा शब्द, आणि आपल्या भाषेत सांगायचं तर चवळीचा वडा. ती तो मधोमध चिरते, सुकटीचं सारण भरते, आणि तुमच्याकडे बघून एकच विचारते: “केंची?” म्हणजे गरम. नवखा माणूस मान डोलावतो, नुकत्याच तळलेल्या वड्याबद्दल हे काय विचारायचं! ती मिरचीची वाटी पुढं ओढते.